गुडघ्यातला एसीएल तुटलाय, पोलीस भरती तोंडावर आहे. ऑपरेशन आत्ता करू का थांबू?

चढाईपटू

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, गरज पडली म्हणून पहिलाच धागा काढायलोय. लांबड लागंल, सांभाळून घ्या.

मी माजलगाव तालुक्यातला, वय २२. पोलीस भरतीची तयारी आणि सोबत कबड्डी. जत्रेच्या सामन्यात चढाई करून मध्यरेषेकडं वळताना उजवा पाय मातीत रुतला आणि अंग तेवढं फिरलं. कुणी धरलेलं नव्हतं, धक्का नव्हता. आतून 'कट्ट' आवाज आला, शेजारच्या गड्यालाही ऐकू गेला म्हणे. दिवस मावळेपर्यंत गुडघ्याची वाटी दिसंना, एवढी सूज.

घरच्यांनी पाय लचकला म्हणून हाडवैद्याकडं नेलं. तेल चोळून पट्टी बांधली. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून सगळे निवांत. सूज उतरली, चालायला लागलो. मग एकदा एसटीतून उतरताना गुडघा आतल्या आत सटकला आणि मी फलाटावर बसलोच. परत सूज. आता बांध उतरायचा म्हणलं तरी भरोसा वाटंना. शेवटी संभाजीनगरला एमआरआय काढला: एसीएल पूर्ण फाटलेला, आतल्या बाजूच्या मेनिस्कसला, म्हणजे गुडघ्यातल्या गादीला, चीर.

एक डॉक्टर म्हणले पुढच्या आठवड्यात करून टाकू. दुसरे म्हणले आधी व्यायाम करा, मग बघू. वडील म्हणतेत चिरलेला पाय जन्माचा कच्चा. अकॅडमीचे सर म्हणतेत पट्टा बांधून पळ, भरती झाल्यावर बघ. मी कुणाचं ऐकू? कोणता डॉक्टर, कोणता स्क्रू, खर्च किती, पळायला कधी येईल, जे माहीत असंल ते सांगा.

मोंढा_नाका

लगेच कर. माझ्या मावसभावाचं पुण्यात झालं, चौथ्या महिन्यात पळत होता. जितका उशीर तितका पाय वाळतो. टायटॅनियमचा स्क्रू सांग, दुसरा घेऊ नको.

गोदाकाठ

मी नांदेडला फिजिओथेरपिस्ट आहे. डॉक्टर, स्क्रू, खर्च सगळं नंतर. आधी दोन गोष्टी सांगा.

एक, गुडघा मध्येच अडकून बसतो का? म्हणजे वाकलेला सरळच होत नाही, हलवून हलवून सोडवावा लागतो, असं?

दोन, बाजेवर पालथे झोपा. मांड्या बाजेवर, गुडघ्यापासून खालचे पाय बाजेच्या बाहेर मोकळे सोडा. कुणाला तरी मागून बघायला सांगा, दोन्ही टाचा एका पातळीत आहेत का?

बालाघाटचा_वारा

ताईंनी नेमकं विचारलं आहे. मी हाडांचा डॉक्टर, लातूरकडे असतो. पेशंट न तपासता सल्ला देत नाही, त्यामुळे हे निदान समजू नका. पण तुमच्या घरच्यांना समजावून सांगता यावं म्हणून थोडं लिहितो.

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये गुडघ्याच्या पोटात दोन लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारे दोर, एकमेकांना तिरके छेदून जातात. पुढचा तो एसीएल. नडगी पुढे सरकू न देणं आणि पाय रोवून अंग फिरवलं की गुडघ्याला जागेवर धरणं, ही त्याची कामं. म्हणूनच तुम्ही सरळ रस्त्यावर ठीक चालता आणि एसटीच्या पायरीवर, बांधावर, वळताना दगा बसतो. तुमची हकीकत अगदी पुस्तकातली आहे: धक्का नाही, वळताना आवाज, काही तासांत सूज. ती सूज म्हणजे सांध्यात साठलेलं रक्त असतं.

एक्स-रेत हाडं दिसतात, लिगामेंट दिसत नाही. त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल' म्हणजे 'गुडघा नॉर्मल' असं कधीच धरू नये. खरं तर अनुभवी हाताला एमआरआयच्या आधीच कळतं. गुडघा किंचित वाकवून, एका हातात मांडी आणि दुसऱ्यात नडगी धरून नडगी पुढे ओढली की ती जिथे थांबायला पाहिजे तिथे थांबत नाही. याला लॅकमन तपासणी म्हणतात. ताज्या दुखापतीत सुजेमुळे आणि स्नायू आखडल्यामुळे कधी कधी चकवा बसतो, म्हणून सूज उतरल्यावर पुन्हा तपासायचं असतं. आपल्याकडे ती दुसरी तपासणीच होत नाही. पेशंट चालायला लागतो आणि बरा झालो म्हणून शेताला जातो.

पूर्ण तुटलेला एसीएल सहसा नीट जुळत नाही. दोन टोकं शिवून भागत नाही, म्हणून त्याच्या जागी तुमच्याच शरीरातलं टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) घेऊन नवा दोर बसवतात. बहुतेक वेळा मांडीच्या मागच्या बाजूचं हॅमस्ट्रिंग. काही जण वाटीखालचं पटेलर टेंडन हाडाच्या तुकड्यांसह घेतात, काही वाटीवरचं क्वाड्रिसेप्स, आणि आपल्याकडे बरेच सर्जन घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं पेरोनियस लाँगसही घेतात. फुकट काहीच मिळत नाही. हॅमस्ट्रिंग घेतलं तर पाय मागे ओढायची ताकद काही काळ कमी पडते, पटेलर घेतलं तर गुडघे टेकून बसायला त्रास होऊ शकतो. पुढून भिडणारा पैलवान किंवा नमाज पढणारा माणूस असेल तर हे आधी सांगावं, सर्जन त्याप्रमाणे विचार करतो.

दोन्ही हाडांत बोगदे पाडून तो दोर आत ओढतात. वर बहुधा बटणासारखी छोटी पट्टी अडकवतात, खाली स्क्रू. स्क्रू टायटॅनियमचा, विरघळणारा किंवा पीक नावाच्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचा, यावरून गल्लीत भांडणं होतात तेवढा फरक पेशंटच्या आयुष्यात पडत नाही. दुर्बिणीतून करतात, कमरेत इंजेक्शन देऊन. साधारण तासा-दीड तासाचं काम. वडिलांना सांगा, चिरत नाहीत, भोकं पाडतात. टेंडन काढायला तेवढा एक छोटा छेद असतो.

चढाईपटू

ताई, अडकून बसत नाही. दुसरं, बहिणीनं बघितलं. उजवी टाच दोन-तीन बोटं वर राहायलीय. मला वाटलं होतं पाय पूर्ण सरळ होतो.

गोदाकाठ

सगळ्यांना तसंच वाटतं. उभं राहिल्यावर कळत नाही, पालथं झोपल्यावर कळतं.

अडकत नाही हे चांगलं. अडकत असता तर मेनिस्कसचा तुकडा मध्ये येतोय असं धरून मी तुम्हाला आजच सर्जनकडे पाठवलं असतं, तिथे व्यायाम करत बसायचं नसतं. इथे वाचणाऱ्या बाकीच्यांनीही हे लक्षात ठेवा.

आता त्या दोन बोटांचं बघा. गुडघा सरळ होत नसताना, सुजलेला असताना ऑपरेशन केलं तर नंतर तो आखडून बसण्याची भीती जास्त असते. आणि न सरळ होणारा गुडघा सैल गुडघ्यापेक्षा जास्त छळतो. माणूस आयुष्यभर किंचित लंगडत चालतो, मांडी भरत नाही, वाटी दुखते. म्हणून बहुतेक सर्जन सूज उतरण्याची, पाय पूर्ण सरळ होण्याची आणि मांडीचा पुढचा स्नायू हुकमानं आवळता येण्याची वाट बघतात. काहींना तीन आठवडे लागतात, काहींना सहा.

करायचं एवढंच. सतरंजीवर पाय लांब करून बसा. टाचेखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी, गुडघ्याखाली काही नाही. गुडघा अधांतरी राहू दे, आपल्या वजनानं खाली जाऊ दे. पाच-दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. मग गुंडाळी काढा, गुडघ्याखाली हाताचा पंजा ठेवा आणि मांडी आवळून पंजा जमिनीवर दाबा. वाटी मांडीकडे सरकताना दिसली पाहिजे. दिसत नसेल तर चांगल्या पायावर करून बघा, मग कळेल काय दिसायला हवं ते. दहा आकडे धरा, सोडा. कंटाळवाणं आहे, पण याच्याशिवाय पुढचं काही जमत नाही.

रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नका. बरं वाटतं म्हणून सगळे घेतात आणि तिथेच पाय वाकडा धरतो. चोळणं बंद. बर्फ लावा, फडक्यातून. घरी फ्रिज नसेल तर रसवंतीवाल्याकडून लादीचा तुकडा आणा.

आकडेमोड

लगेच का थांबून, यावर स्वीडनमध्ये चांगला अभ्यास झालेला आहे. २०१० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. १२१ तरुण, खेळकर माणसं. एका गटाचं लवकर ऑपरेशन आणि व्यायाम, दुसऱ्याला आधी व्यायाम आणि गरज वाटली तर मागून ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे गुणांच्या हिशोबात सारखेच निघाले. दुसऱ्या गटातल्या ५९ पैकी २३ जणांनी दोन वर्षांत ऑपरेशन करून घेतलं, पाच वर्षांपर्यंत ३० जणांनी. म्हणजे जवळपास निम्म्यांना लागलंच नाही.

थोडक्यात, 'तुटला की चिरलाच पाहिजे' हे खरं नाही.

बालाघाटचा_वारा

अभ्यास बरोबर सांगितला, पण पुढचंही सांगा. त्यात व्यावसायिक खेळाडू घेतलेले नव्हते. आणि तिथे 'व्यायाम' म्हणजे देखरेखीखाली महिनोन्महिने चाललेला कार्यक्रम. कागदावर छापलेले चार व्यायाम देऊन घरी पाठवणं नव्हे.

ज्याला कबड्डी, खो-खो, फुटबॉल, कुस्ती खेळायची नाही, ज्याचा गुडघा सटकत नाही, त्यानं आधी व्यायाम करून बघावा, मी स्वतः तसंच सांगतो. पण या मुलाचा गुडघा रोजच्या चालण्यात सटकतोय आणि मेनिस्कसला चीर आहे. गुडघा दर वेळी सटकतो तेव्हा ती चीर वाढू शकते. आज शिवता येईल अशी गादी उद्या कापून टाकावी लागेल. मेनिस्कस गेला की चाळिशीत गुडघ्याची झीज. ऑपरेशन केल्यावरही झिजेची शक्यता शून्य होत नाही, हेही खरं. त्यामुळे थांबायचं ते पाय तयार होईपर्यंत, वर्षभर नाही. आणि थांबलेल्या काळात कबड्डी, पळणं, ट्रॅक्टरवरून उडी, सगळं बंद.

अकॅडमीच्या सरांना माझा नमस्कार सांगा. पट्टा बांधून पळायला लावणं म्हणजे काय सांगू आता. पट्टा गुडघ्याला ऊब देतो आणि मनाला धीर देतो, तुटलेल्या एसीएलचं काम करत नाही.

खोखोची_माय

धाराशिवहून लिहिते. आमच्याकडे घरटी एक पोरगी खो-खो खेळते म्हटलं तरी चालेल. सारिका काळेला २०२० चा अर्जुन मिळाला तेव्हापासून तर विचारू नका. माझी लेक पोलवर वळताना पडली, सतराव्या वर्षी. मुलींमध्ये हा एसीएल मुलांपेक्षा जास्त तुटतो, हे मला तेव्हा डॉक्टरांकडूनच कळलं. उडी मारून उतरताना गुडघे आत झुकतात त्याचा मोठा वाटा आहे म्हणे. शाळेत कुणी उतरायला शिकवलं नाही. नुसतं पळा, पळा, पळा.

ऑपरेशनबद्दल इथं डॉक्टर लिहितायत, मी घरातलं लिहिते. आल्या आल्या पहिला प्रश्न संडासचा. आमचं भारतीय. कमोडची खुर्ची मिळते ती आधीच आणून ठेवा, ऐनवेळी धावपळ नको. आंघोळीला प्लॅस्टिकची खुर्ची. पलंग खालच्या मजल्यावर. कुबड्या आधी चालवून बघा, ओल्या फरशीवर त्या घसरतात, रबराचे बूच नवे घ्या. पहिल्या आठवड्यात पाय खाली सोडला की ठणका लागायचा, ती रडायची, मी गादीखाली विटा लावून पायाकडची बाजू उंच केली.

एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. छेदाच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी कातडी बधिर झाली. मी घाबरले. कातडीतली बारीक नस दुखावली जाते, बऱ्याच जणांना होतं, हळूहळू भाग लहान होत जातो. तिचा आता रुपयाएवढा राहिलाय.

आणि नातेवाईक. 'पोरीच्या गुडघ्यात स्क्रू म्हणजे पुढं स्थळाला काय सांगणार?' एक आजेसासू तर रोज येऊन म्हणायच्या. शेवटी लेकच म्हणाली, आजी, स्थळाला पण स्क्रू बसवून घेऊ. तेव्हापासून बंद.

मोंढा_नाका

माय, पोरगी भारी आहे 😄

पण मंडळी, तुम्ही पोराला घाबरवायलेत. ऋषभ पंत बघा. गाडी जळाली, गुडघ्याचे लिगामेंट गेले, तरी परत आला की. मावसभाऊ पण चौथ्या महिन्यात पळत होताच.

आकडेमोड

पंतचा अपघात डिसेंबर २०२२ चा, मैदानात परतला मार्च २०२४ मध्ये. पंधरा महिने. हाताशी बोर्डाची सगळी यंत्रणा. फुटबॉलवाला व्हॅन डाइक ऑक्टोबर २०२० मध्ये पडला, पुढच्या मोसमापर्यंत खेळला नाही. तुमचा मावसभाऊ जोरातच दिसतोय.

मोंढा_नाका

तो सरळ पळायचा हो. खेळत नव्हता. तेवढं मान्य.

गोदाकाठ

आणि तेच महत्त्वाचं आहे. मांडीत ताकद आली असेल, सूज नसेल, तर सरळ रेषेत हलकं पळणं तीन-चार महिन्यांनी सुरू करतातच. वळणं, थांबणं, उडी हे सगळं नंतरचं.

बसवलेला दोर पहिल्या दिवशी जेवढा मजबूत असतो तेवढा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात नसतो. शरीर त्याला आपलंसं करताना आधी तो कमजोर होतो. त्यात नव्यानं रक्तवाहिन्या शिरतात, मग हळूहळू तो लिगामेंटसारखा होतो, आणि हे वर्षभर आणि त्यापुढेही चालतं. पंचाईत अशी की नेमक्या त्याच दिवसांत पेशंटला एकदम बरं वाटायला लागतं. कुबड्या सुटलेल्या, दुखणं थांबलेलं. माझ्याकडचे बहुतेक घोटाळे त्याच सुमाराचे. एकजण लग्नात नाचला. एकजण उसाच्या ट्रॉलीवर चढला.

नॉर्वेतल्या १०६ जणांच्या अभ्यासात दिसलं की खेळात परतणं नवव्या महिन्यापर्यंत जितके महिने पुढे ढकललं, तितका दर महिन्याला पुन्हा दुखापतीचा धोका जवळपास निम्मा होत गेला. नऊच्या पुढे फार फरक पडला नाही. म्हणून सगळीकडे नऊ महिने म्हणतात. तेही नुसते कॅलेंडरचे नाहीत, पायानं परीक्षा पास व्हायला पाहिजे. आणि पंचविशीच्या आतले जे खेळात परततात, त्यांच्यात साधारण चार-पाचांतल्या एकाला पुन्हा एसीएलची दुखापत होते, याच नाहीतर दुसऱ्या गुडघ्याला. चढाईपटू, तुम्ही २२ चे आहात.

भरतीचं म्हणाल तर १६०० मीटरचे २० गुण, १०० मीटरचे १५, गोळ्याचे १५. तुम्हाला धास्ती १६०० ची असेल. मला गोळ्याची आहे. सव्वासात किलोचा गोळा फेकताना पाय रोवून कंबर फिरवता, म्हणजे ज्या हालचालीनं तुटला तीच. खुल्या गटातून असलात तरी वयाची अट २८ पर्यंत आहे. ही भरती सोडा असं मी म्हणत नाही, तुमचं तुम्ही ठरवा, पण गणित एवढंच आहे.

रुग्णमित्र_बीड

खर्चाचं कुणीच लिहिलं नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण दवाखाना योजनेत आहे म्हणजे तुमचं ऑपरेशन तिथं योजनेतून होईल असं नाही. रेशनकार्ड, आधार आणि एमआरआय घेऊन आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राच्या (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या) टेबलावर जा आणि तीनच प्रश्न विचारा: हे ऑपरेशन या दवाखान्यात योजनेत होतं का, इम्प्लांट त्यात धरलंय का, मेनिस्कस शिवायचा निघाला तर त्याचे वेगळे पैसे लागतील का. तिसरा प्रश्न विसरू नका, टेबलावर घेतल्यावर घरच्यांना बाहेर बोलावून सांगतात आणि मग पळापळ होते.

सरकारीत तुम्हाला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ जवळ. संभाजीनगरचं घाटी, लातूर, नांदेडचं विष्णुपुरी इथंही अस्थिरोग विभाग आहेत. नंबर लागायला वेळ जातो. पण तुम्हाला तसंही पाय सरळ करायला वेळ पाहिजेच आहे, तर आजच जाऊन नाव घाला.

आखाड्यावरून

सगळ्यांचं वाचलं. मी परभणी जिल्ह्यातला शेतकरी, गावापासून लांब आखाड्यावर राहतो. बैल अंगावर आला आणि माझा गेला, वय चाळीसच्या आसपास. सगळे डॉक्टर कोणता ते विचारतात. माझं मत वेगळं आहे. ऑपरेशन कुठं करायचं हा सोपा प्रश्न आहे. पुण्याला करा, हैदराबादला करा, एका रात्रीत घरी येता. त्याच्या पुढचे नऊ महिने तुम्हाला कोण बघणार?

मला सुट्टी देताना एक कागद दिला, त्यावर माणसाची चित्रं. म्हणले जवळच्या फिजिओकडं जा. जवळचा म्हणजे तालुक्याला, जाऊन-येऊन अर्धा दिवस, तोही आठवड्यातून ठरावीक वार. पहिले दोन महिने जीपच्या पुढच्या सीटवर पाय लांब करून गेलो, मागच्या बाकावर गुडघा वाकवून बसवत नव्हतं. जिपवाल्याला दोन सीटचे पैसे.

मग त्या फिजिओलाच म्हणलं, साहेब, रोज येणं जमत नाही, पंधरा दिवसांचं एकदम सांगा, मधी मी व्हिडिओ पाठवतो. पोरगं मोबाईल धरायचं. वजन म्हणून दोन किलो तुरीची पिशवी शिवून घोट्याला बांधली, मग तीन किलोची. पायरी म्हणून गोठ्याचा उंबरा, आधी खालचा, मग वरचा. एका पायावर उभं राहायचं ते बाभळीच्या खोडाला बोट लावून, मग बोट काढून. मांडीचं माप घरवालीच्या शिलाईच्या टेपनं, वाटीच्या वर चार बोटं खूण करून, दोन्ही पायांचं. आजारी मांडी किती बारीक झाली होती ते बघून मलाच खरं वाटंना.

दूध काढायला स्टूल घेतलं. पंगतीत अजून मांडी घालत नाही, खुर्ची मागतो, लोक हसतात. हसू द्या.

तर पोरा, सर्जन ठरवायच्या आधी फिजिओ ठरव. त्याला किंवा तिला आत्ताच भेट, ऑपरेशनच्या आधी. ते नंतर ओळखीचे झालेले बरे.

बालाघाटचा_वारा

दादांनी जे लिहिलं ते आमच्या ओपीडीच्या भिंतीवर लावायला पाहिजे. आम्ही सर्जन लोक 'ऑपरेशन यशस्वी' म्हणून मोकळे होतो.

एक भर. घरी आल्यावर पोटरी दुखून घट्ट सुजली, ताप आला, जखमेतून पाणी-पू आला, किंवा गुडघा लाल, गरम होऊन दुखणं वाढत चाललं, तर व्हिडिओ पाठवत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना. दम लागला किंवा छातीत दुखलं तर तासभरही थांबू नका.

चढाईपटू

सगळ्यांचे आभार. रुग्णमित्र दादा म्हणले तसं अंबाजोगाईला जाऊन आलो, कागद दाखवले. टाच आता एका बोटावर आलीय. बीडला एक फिजिओ मॅडम भेटल्या, आखाड्यावरच्या काकांचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला, त्या म्हणल्या तुरीची पिशवी चालेल. वडिलांचं अजून नाही म्हणणंच आहे, पण भोकं पाडतेत म्हणल्यावर जरा मऊ पडलेत.

ही भरती सोडली. फॉर्म भरलेला होता. दोन दिवस जेवण गेलं नाही.

खोखोची_माय

बाळा, जेव आधी. प्रोटीनशिवाय मांडी भरत नाही. भिजवलेली मटकी, अंडी, शेंगदाणे, दूध. डब्यातली महागाची पावडर घ्यायची गरज नाही.

चढाईपटू

अपडेट देतो, बरेच महिने झाले. ऑपरेशन झालं, हॅमस्ट्रिंगचा दोर. मेनिस्कस शिवला, त्यामुळं सुरुवातीला नव्वद अंशाच्या पुढं वाकवायला आणि पूर्ण वजन टाकायला काही आठवडे बंदी होती, बाकीच्यांपेक्षा माझी गाडी हळू निघाली. सगळ्यात अवघड काय गेलं सांगू? मांडी आवळणं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा 'आवळ' म्हणल्यावर काहीच होईना. आपलाच पाय आपलं ऐकंना. मॅडमनी चांगल्या पायावर हात ठेवायला लावला, दोन्ही एकदम आवळ म्हणल्या, तवा कुठं वाटी हलली.

टाचा आता एका पातळीत. पळणं चालू आहे, सरळ, डांबरी रस्त्यावर नाही, शाळेच्या मैदानावर. आज मॅडमनी एका पायावर लांब उडीची चाचणी घेतली, खडूनं खुणा करून. डावा १५० सेंटिमीटर, उजवा १२६.

गोदाकाठ

१२६ भागिले १५० म्हणजे ८४ टक्के. किमान ९० पाहिजे, आणि फक्त या उडीत नाही, तिन्ही-चारी प्रकारच्या उड्यांत आणि मांडीच्या ताकदीतही. उतरताना गुडघा आत झुकतो का, हे समोरून व्हिडिओ काढून बघा. माप चांगलं आणि उतरणं वाईट असं खूपदा होतं.

चढाईपटू

काढला. जरासा झुकतोय.

ताई, अजून एक. शेजारच्या गावातून जत्रेच्या सामन्याचं बोलावणं आलंय. खेळायला नाही, पंच म्हणून. जाऊ का?

गोदाकाठ

जा. रेषेच्या बाहेरून शिट्टी वाजवायची. एखादा रेडर कमी पडला म्हणून कुणी 'उतर की, एकच चढाई' म्हणालं तर?

चढाईपटू

शॉर्ट घालूनच जात नाही. फुल पँट आणि चप्पल.

मोंढा_नाका

कोणत्या गावाला, तारीख टाक. मी पण येतो, मावसभावाला घेऊन.